फैलकाच्या गाळात मुलाकडची मंडळी

माझ्या नवऱ्याला समुद्रातलं सगळं कळतं, फक्त समुद्रात गेल्यावर कळत नाही. हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं. तेव्हापासून त्यांच्याबरोबर होडीत बसायची वेळ आली की मी आधी कुराणातली आयतुल कुर्सी म्हणते आणि मग चपला काढून हातात घेते.

फारूक दाभोळचे. त्यांचे आजोबा होडीवरचे तांडेल होते, वडीलही काही वर्षं दर्यावर होते. हे मात्र मिसरूड फुटायच्या आत कुवेतला आले आणि बोटींच्या इंजिनांच्या दुकानात काउंटरवर उभे राहिले, ते अजून तिथेच आहेत. इंजिन दुरुस्त झालं की बोट थोडी आत नेऊन आणायची, एवढाच त्यांचा दर्या. पण बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, आखाताचं पाणी यांना विचारल्याशिवाय हलत नसेल.

आमची एकुलती एक मुलगी रिदा. जन्म इथला, पुण्यात शिकून आर्किटेक्ट झाली आणि परत आली. तिने बंगले-बिल्डिंगा काढाव्यात अशी तिच्या बाबांची इच्छा होती. ती काढते फैलकाचे दगड. कुवेत शहरासमोर समुद्रात हे फैलका बेट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशी इथे आले, त्यांनी अगदी किनाऱ्याला लागून एक देवस्थान बांधलं. त्याचे पाये, पायऱ्या, वेदीचे दगड आता खणून वर काढतात. प्रत्येक दगड मापून तो कागदावर जसाच्या तसा काढायचा, हे रिदाचं काम. थंडीच्या दिवसांत खणणारी माणसं बेटावरच राहतात, तीही राहते. या वर्षी तर नकाशांची सगळी जबाबदारी तिच्यावर टाकली होती. ती बातमी सांगायला ती खैतानला आमच्या घरी आली तेव्हा जिन्यातूनच ओरडत आली.

आणि त्याच आठवड्यात आतिफकडून मागणी आली.

आतिफ महबूल्यात राहतो, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. कुणाच्या तरी लग्नात दोघांची ओळख झाली होती आणि त्यानंतर आमच्या मुलीचा फोन सारखा चार्जिंगला लावावा लागत होता. मी आई आहे, मला दिसतं. मुलगा सरळ, हसरा, नाव ठेवायला जागा नाही. त्याची आई ताहिराआपा मुरूडची. नवरा गेल्यावर एकटीने तीन मुलगे मार्गी लावलेली बाई. तिने फोनवर मला एकच अट सांगितली, अगदी गोड आवाजात. सुनेने नोकरी करावी, खुशाल करावी, पण रात्री घरी यावं. बेटावर परक्या माणसांत रात्री काढणं आमच्यात चालायचं नाही.

रिदाला मी हे सांगितलं. मला वाटलं आता भांडेल. ती सुकलेली भांडी पुन्हा पुसत बसली, ते मला जास्त लागलं. शेवटी म्हणाली, "मां, मला दोन्ही हवंय. आतिफ पण आणि फैलका पण. मी कुणाला सोडू?"

मग तिनेच सुचवलं, की ताहिराखालांना एकदा बेट दाखवू या. त्यांनी ते पाहिलंच नाही, मनात काय काय धरून बसल्या असतील. ताहिराआपा यायला तयार झाली, तेही आतिफने फार मनधरणी केल्यावर. रिदा सगळ्यांची फेरीची तिकिटं काढणार होती. इथे माझ्या नवऱ्याने तोंड घातलं.

मुलाकडची माणसं, त्यात मुरूडची, आणि त्यांना फेरीत पिकनिकवाल्यांच्या गर्दीत बसवायचं? दाभोळची अब्रू काय राहील? दुकानाच्या मालकाची बोट दुरुस्तीला आलेली होती. मालक भला माणूस, त्याने शुक्रवारपुरती दिली. फारूकने त्या बोटीला असं पुसलं की मालकाला ती परत घेताना ओळखू येऊ नये.

शुक्रवारी सकाळी धक्क्यावर रिदाने बाबांना सांगितलं की आज दुपारी पाणी लवकर उतरतंय, ती फोनवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून आली होती. "बाबा, प्लीज चेक द टाइड टेबल."

फारूकने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या कोकणात दर्यावरच्या माणसाला तक्ता लागत नाही. चांदाची तारीख घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. आज चांदाची चौथ, म्हणजे तीन वाजता पाणी पूर्ण भरणार. आजोबा असंच करायचे, त्यांची होडी कधी अडकली नाही.

रिदा म्हणाली की तो हिशेब दाभोळच्या खाडीचा आहे, हे आखात आहे.

"चांद काय कुवेतचा वेगळा हाय?" फारूक म्हणाले, आणि बोट सुरू केली.

आता यावर कोण काय बोलणार? मी चपला काढून हातात घेतल्या.

ताहिराआपा बोटीत पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती. काळा अबाया, त्यावर मोत्याची पिन, चेहऱ्यावर इंटरव्ह्यू घ्यायला आलेल्या साहेबाचा भाव. फारूकने दाभोळच्या बंदराच्या मोठेपणापासून सुरुवात केली. पूर्वी हजला जाणारी जहाजं कशी आमच्याकडून सुटायची वगैरे. ताहिराआपाने ते सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं की दाभोळला किल्ला आहे का, जंजिऱ्यासारखा, कुणालाच कधी न जिंकता आलेला? फारूकने विषय बदलून इंजिनावर नेला. आतिफ माझ्याकडे बघून गालात हसला. मला तो मुलगा तेव्हाच जावई म्हणून पक्का वाटला, पण माझ्या वाटण्याला कोण विचारतं.

बेटावर पोचलो. रिदाने आम्हाला थेट त्या देवस्थानापाशी नेलं. समुद्र हाताच्या अंतरावर, आणि वाळूत दगडांच्या ओळी. खरं सांगते, मला आधी काहीच दिसलं नाही. मग रिदा बोलायला लागली. इथे पायरी, इथे दार, इथे वेदी. लांबून आलेली गलबतं इथे लागायची, सुखरूप पोचलो म्हणून खलाशी काहीतरी वाहायचे. आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी पीर असतो ना, होडी बाहेर काढण्याआधी त्याला सलाम करतात, तसंच हे असणार, असं माझ्या मनात आलं. ती सांगत होती तसतशी भिंत उभी राहत होती. आतिफ तर वाळूत गुडघ्यावर बसून एका दगडावरची छिन्नीची खूण बघत होता.

ताहिराआपा म्हणाली, "दगड चांगले हायत." आणि सावली शोधायला लागली.

तिथे मी हात टेकले. चटई पसरली, वडे काढले, खिमा काढला, थर्मास काढला. ताहिराआपाला माझा चहा आवडला, हे कबूल करायला हवं. एक कप झाला, दुसरा झाला, मग आणखी एक. डायबेटिस आहे म्हणून साखर नको, पण चहा हवा. खाऊन झाल्यावर रिदा म्हणाली की आता कॅम्प बघायला जाऊ या, राहायची जागा बघा. खरं तर सगळा खटाटोप त्यासाठीच होता. तर फारूक उठलेच. कॅम्पमध्ये काय बघायचं, चार खोल्या. त्यापेक्षा मी तुम्हाला लढाईची जागा दाखवतो. बेटाला लागूनच उथळ पाण्यात मोठी आरमारी लढाई झाली होती, जंजिऱ्याच्या माणसाला ते बघायला हवं.

रिदा म्हणाली, "बाबा, नको. पाणी उतरतंय."

फारूक म्हणाले, चढतंय.

ते दोघं पाण्याकडे बघत वाद घालत होते तेव्हा ताहिराआपाने मला जरा बाजूला घेतलं. "आमिना, मुलगी चांगली हाय तुझी. हुशार हाय. मी खोटं बोलनार नाय. पण कॅम्प बगून काय करू? माझी सून बेटावर रात काढनार नाय. तिला तू सांग, आनि आतिफला मी समजावीन."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते पक्कं वाटलं. रिदा वाद घालत पुढे चालत होती. तिला ऐकू आलं नव्हतं, पण मागे वळून तिने माझं तोंड पाहिलं आणि तिला कळलं. मग तिने बाबांशी वाद घालणं सोडून दिलं आणि मुकाट्याने बोटीत चढली. मला त्या वेळी नवऱ्याचा इतका राग आला होता, की समुद्र मध्ये नसता तर मी चालत घरी गेले असते.

बोट किनाऱ्याच्या कडेने निघाली. फारूक एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने लढाई दाखवत होते. कुठून कोण आलं, कुठे तोफा होत्या. त्यातलं त्यांना किती माहीत होतं, अल्ला जाणे. इकडे शत्रूची गलबतं, असं म्हणून त्यांनी हात लांब केला आणि बोटीच्या पोटाखालून खर्रकन आवाज आला. इंजिनाने चिखल उडवला, खोकलं आणि गप्प झालं.

मग फारूक म्हणाले की पाणी चढतंय, आपोआप सुटेल. आम्ही सगळे पाण्याकडे बघत बसलो. पाणी आमच्या डोळ्यांदेखत मागे गेलं. बोट आधी सरळ होती, मग जरा कलली, मग एका कुशीवर आरामात टेकली. भोवती ओला करडा गाळ, त्यात खेकडे, आणि लांबवर समुद्र. आजोबांचा चांद निळ्या आकाशात पुसट दिसत होता. त्याच्याकडे बघायची फारूकची हिंमत झाली नाही.

आतिफने विचारलं, इथे लढाई नक्की कशी झाली होती? पोराने वातावरण हलकं करायला विचारलं असेल. रिदाने उत्तर दिलं. या जागेला रिक्का म्हणतात, उथळ पाणी. पलीकडच्या काठाचे बनू काब टोळीवाले मोठमोठी गलबतं आणि तोफा घेऊन कुवेतवर चालून आले. कुवेतवाल्यांकडे लहान होड्या. ओहोटी लागली, मोठी गलबतं गाळात बसली, लहान होड्यांनी त्यांना तिथेच गाठलं.

"पन भांडान कशावरून?" ताहिराआपाने विचारलं.

रिदा अडखळली. मी डोळे वटारले, पण आमच्या मुलीला विचारलं की सांगावंच लागतं. लोक सांगतात, ती म्हणाली, की त्यांच्या शेखने कुवेतच्या शेखची मुलगी सून म्हणून मागितली होती. मुलीकडच्यांनी नाही म्हटलं.

ताहिराआपाने तिच्याकडे पाहिलं, गाळाकडे पाहिलं. "म्हंजे मुलाकडचे अडकले?"

"हो, खाला."

आतिफला हसू आवरेना. त्याने तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. फारूक इंजिनाच्या झाकणात डोकं घालून बसले. ताहिराआपा मात्र हसली नाही. तिचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. आधी मला वाटलं, ती भडकली. मग माझ्या लक्षात आलं की ती एका जागी बसवत नसल्यासारखी चुळबुळ करतेय, पर्स घट्ट धरतेय. मी तिच्याजवळ सरकले. तिने माझ्या कानात सांगितलं.

चहा. तो माझा चहा.

आता काय करायचं? उघडी बोट, दोन पुरुष, त्यातला एक उद्याचा व्याही. पाणी संध्याकाळशिवाय येणार नाही. शुगरची बाई, तिला थांबवत नाही. पुरुषांना हे कधी सुचत नाही. बोट कुठून न्यायची आणि किल्ले कुणाचे, यातच त्यांचा जन्म जातो. बाई घराबाहेर पडली की पहिला हिशेब हाच करते, तिथे जागा कुठे मिळेल. ताहिराआपाच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. सकाळपासून मला जी बाई कठीण वाटत होती, तिच्याकडे बघून माझा जीव कळवळला.

मी रिदाकडे पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने बूट काढून गळ्यात अडकवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली उतरली. गाळ घोट्याच्या वर आला. "खाला, या. कॅम्प तो समोर दिसतोय. माझ्या पावलावर पाऊल टाका, कुठे कडक आहे ते मला माहीत आहे."

आतिफ मदतीला उठला, तर ताहिराआपाने त्याला तिथेच बसवलं. "तू बस. फारूकभायला सोबत कर." मग तिने अबाया कंबरेला खोचला, सँडल माझ्याकडे दिल्या आणि रिदाचा हात धरून बोटीतून उतरली.

उरलेल्या वड्यांची पिशवी खांद्याला लावून मीही उतरले आणि आम्ही तिघी त्या गाळातून निघालो. मध्ये एका जागी ताहिराआपाचा पाय खोल गेला, ती रिदाच्या गळ्यातच पडली. मला वाटलं आता रडेल. ती हसायला लागली. लहानपणी मुरूडच्या खाडीत शिंपल्या काढायला जायचो, म्हणाली, आईला न सांगता. पण हसवू नको ग पोरी, हसवू नको, नाहीतर इथेच व्हायचं. मग आम्हा तिघींनाही हसू येऊ लागलं आणि तिघीही हसू दाबत भराभर चालत होतो. बोटीतून त्या दोघांना आम्ही कशा दिसलो असू, कोण जाणे.

कॅम्प म्हणजे बेटावरचं जुनं घर, इराकने कुवेत घेतलं तेव्हा लोक सोडून गेले त्यातलं. भिंतींवर गोळ्यांची भोकं अजून आहेत, पण आतून रंग दिलेला, लादी धुतलेली. खणणारी मंडळी पुढच्या आठवड्यात यायची होती, चावी रिदाकडे होती. तिने आधी मोरीचं दार दाखवलं. ताहिराआपा आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा हातपाय धुऊन, वजू करून आली. चेहरा असा उजळलेला, की जणू जंजिरा तिनेच राखला होता.

मग तिने घर पाहिलं. सांगावं लागलं नाही, स्वतःच एकेक दार उघडत गेली. बायकांच्या खोल्या वेगळ्या, मध्ये अंगण. रिदाच्या खोलीचं दार तिने आतून लावून पाहिलं, कडी ओढून पाहिली, पुन्हा उघडलं. एक खाट, एक टेबल, खिडकीतून समुद्र. भिंतीवर त्या देवस्थानाचा नकाशा, अर्धा झालेला. तिने चष्मा लावला. वेदीचे दगड एकेक बारीक रेघेने काढलेले होते. मोडलेला कोपरासुद्धा. तिने विचारलं, हा मोडका का काढला? रिदा म्हणाली, तो मोडका आहे म्हणून. ताहिराआपाने मान हलवली. तिने असरची, दुपार उलटल्यावरची नमाज तिथेच पढली आणि जरा पाठ टेकते म्हणून खाटेवर आडवी झाली.

ती झोपली. आम्ही अंगणात बसलो. रिदाने मला विचारलं की खाला काय म्हणाल्या होत्या. मी खरं सांगितलं. तिने गुडघ्यात डोकं घातलं. मी तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, मी तुझ्या बाजूने आहे, पण माझं कोण ऐकतं? ती म्हणाली, मला माहीत आहे. तेवढंच बोललो. मुलगी मोठी झाली की आईच्या हातात फार थोडं राहतं, आणि तेवढंही कधी कधी कामाचं नसतं.

दिवस मावळायला आला, मगरिबच्या जरा आधी ताहिराआपा जागी झाली. दारात येऊन उभी राहिली. केस सुटलेले, गालावर उशीचा वळ. मी विचारलं, बरं वाटतंय का?

"आमिना, मी झोपली व्हती का?"

"चांगली घोरत होतात."

ती आमच्याजवळ पायरीवर बसली. बोलली, पण समुद्राकडे बघत. महबूल्याच्या फ्लॅटमध्ये तिची अशी खोली नाही. हॉलमध्ये तिचा पलंग आहे. थोरल्याची पोरं, धाकट्याची ड्युटी, कुणीतरी येतंय, कुणीतरी जातंय, कुकरची शिट्टी, टीव्ही. नवरा होता तेव्हाही असंच होतं, त्याआधी माहेरी तर बारा जणं. दार आतून लावून ती आजवर एकटी कधी झोपली नव्हती. आज पहिल्यांदा झोपली. कुणी उठवलं नाही. हे सांगताना तिला गंमतही वाटत होती आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही तिने लपवलं नाही. रिदाने तिचा हात हातात घेतला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आतिफचा. पाणी आलं, बोट तरंगतेय, फारूकमामू म्हणतायत लगेच निघायला हवं, अंधार पडायच्या आत. आम्ही धक्क्यावर येतो, तुम्ही तिघी तिथे या. रिदा उठून बूट शोधायला लागली.

ताहिराआपा जागची हलली नाही. तिने फोन माझ्या हातून घेतला. "तुमी दोगं निगा. आमी उद्याच्या फेरीने येतंव."

पलीकडून आतिफचा गोंधळलेला आवाज मलाही ऐकू आला. रात्री? तिथे? अम्मी, तू?

"का?" ताहिराआपा म्हणाली. "सून ऱ्हानार, तिथं सासूला काय होतंय?"

रिदा एक बूट हातात घेऊन तशीच उभी राहिली. ताहिराआपाने फोन बंद करून माझ्याकडे दिला आणि रिदाला विचारलं की रात्रीला घरात तांदूळ-डाळ काही आहे का, नसेल तर वडे उरलेत. मी डोळे पुसत वड्यांची पिशवी उघडली. रिदाने बूट खाली ठेवला आणि चूल पेटवायला गेली.